भाषण पाठ करून पटत नाही: सहावी ते आठवीच्या मुलांना पटवून लिहायला-बोलायला कसं शिकवावं

इंदूरच्या मराठी वस्त्यांत गणपतीच्या दहा दिवसांत वक्तृत्व स्पर्धा ठरलेली. दरवर्षी एखाद्या तरी मंडपात मी परीक्षक म्हणून बसते आणि दरवर्षी तेच ऐकते. "सन्माननीय अध्यक्ष, गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." मग घरच्यांनी लिहून दिलेलं पान, तिसऱ्या मिनिटाला अडखळणं, पहिल्या रांगेत आईचे हलणारे ओठ, टाळ्या. एकदा एका मुलाला मी भाषण झाल्यावर विचारलं, "तुझं ऐकलं. आता मी काय करू?" तो म्हणाला, "मार्क द्या ना."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आपण शिकवतोच तसं: आधी विषय, मग निबंध, मग पाठांतर, शेवटी हातवारे. पटवायचं काम मात्र दुसऱ्या टोकाकडून सुरू होतं. कोणाला पटवायचं, त्याने नेमकं काय करायचं आणि तो नाही का म्हणेल, हे ठरल्याशिवाय पेन उचलायचं नाही. खालचा क्रम मी रविवारच्या मराठी वर्गात वापरते. सहा रविवार, दर वेळी सव्वा तास, बारा-पंधरा मुलं. शाळेतल्या चाळीस मुलांच्या वर्गात चार-चारचे गट करा आणि दोन तासिका जास्त धरा.

## आधीची तयारी

सगळ्यात जास्त वेळ विषय निवडण्यात घालवा. इथे चुकलात तर पुढचे सहा रविवार वाया. विषयाला तीन चाळण्या लावा:

- "हो" किंवा "नाही" म्हणू शकेल असा खराखुरा माणूस आहे का?
- मूल स्वतः चालत जाऊन पाहू शकेल, मोजू शकेल अशी ही गोष्ट आहे का?
- दोन शहाण्या माणसांचं यावर दुमत होऊ शकतं का?

'स्वच्छ इंदूर' हा विषय तिसऱ्या चाळणीतच अडकतो. २०१७ पासून स्वच्छता सर्वेक्षणातला पहिला क्रमांक ऐकतच ही मुलं मोठी झाली आहेत. घोषणा त्यांना झोपेतही येतात, आणि अस्वच्छतेच्या बाजूने बोलणारा कोणी भेटणार नाही. मग पटवायचं कोणाला? 'पर्यावरण', 'मोबाइल: शाप की वरदान', 'वाचाल तर वाचाल' हेही बाजूला ठेवा. त्याऐवजी: वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटावीत का, शाळेच्या बसचा थांबा चौकातून आत आणावा का, आजोबांनी चालायला जाताना मोबाइल बरोबर न्यावा का. लहान विषयात मुलाला स्वतःचं डोकं चालवावं लागतं. मोठ्या विषयात दुसऱ्यांची वाक्यं आयती मिळतात.

जात, धर्म, घरातली पैशाची अडचण, आईबाबांची भांडणं यांत मुलाला ओढणारे विषय देऊ नका. मुलाने स्वतः आणले तरी वर्गात न बोलता बाजूला घेऊन बोला.

भाषेचं आधीच ठरवून टाका. आमची मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी घरात, तीही आजी असेल तर. वाद घालताना त्यांच्या तोंडून हिंदी येणारच. येऊ द्या. पहिले तीन रविवार मी भाषा अजिबात सुधारत नाही. मूल तावातावाने मुद्दा मांडत असताना "शिकायत नाही, तक्रार म्हण" असं मध्येच टोकलं, की मुद्दा गेला आणि मूलही गप्प झालं.

सामान थोडंच लागतं: पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे तुकडे, वेळ लावायला घड्याळ, एक मोठा तक्ता.

## टप्पा १: एक माणूस, एक मागणी

प्रत्येकाने एकच वाक्य लिहायचं: "मला ___ यांना ___ करायला लावायचं आहे." पहिल्या रिकाम्या जागेत माणूस, दुसऱ्या जागेत दिसेल असं काम.

सातवीतल्या एका मुलीने पहिल्यांदा लिहिलं, "मला सगळ्यांना खेळाचं महत्त्व पटवून द्यायचं आहे." मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? बऱ्याच वेळाने कळलं की तिच्या कॉलनीतल्या बगीच्याला संध्याकाळी कुलूप असतं आणि किल्ली रहिवासी संघाच्या अध्यक्षांकडे असते. वाक्य बदललं: "मला अध्यक्ष काकांना बगीच्याचं फाटक संध्याकाळी ५ ते ७ उघडं ठेवायला लावायचं आहे." मग तिला पुढचं आपोआप सुचायला लागलं. पुढे तिचंच उदाहरण घेऊन सांगते.

तपासणी: मागणी मान्य झाली तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांना काय दिसेल? उत्तर "जागृती येईल" असं असेल तर वाक्य परत लिहायला द्या.

## टप्पा २: कारण कोणाच्या सोयीचं?

या वयाची मुलं स्वतःला महत्त्वाची वाटणारी कारणं देतात. ऐकणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटतं, हे बघायची सवय लावायला मी सराफ्याचा खेळ घेते. (सराफा म्हणजे इंदूरचा सराफ बाजार, जिथे रात्री खाण्याच्या गाड्या लागतात.) मागणी एकच: शनिवारी रात्री सराफ्यात खायला जायचं. मनवायचं तिघांना, वेगवेगळं: बाबांना, आईला आणि आजीला. प्रत्येकासाठी एक मिनिट.

पहिल्या फेरीत तिघांनाही एकच ऐकायला मिळतं, "सगळे मित्र जातात, मलाच नाही पाठवत." दुसऱ्या फेरीपासून गंमत सुरू होते. बाबांना: रविवारी शाळा नाही, गृहपाठ दुपारीच संपवलाय, साडेदहाला घरी. आईला: ताई बरोबर आहे, पाणी घरून नेतो. आणि आजीला एका पठ्ठ्याने सांगितलं, "तुला भुट्ट्याचं कीस आणतो, मिरची कमी घालायला सांगतो." आजी झालेल्या मुलीने तिथेच हात वर केला. वर्ग हसला, पण फळ्यावर तीन रकाने करून मी सगळी कारणं लिहिली तेव्हा कोणता रकाना कोणाचा, हे सांगायची गरज पडली नाही.

आता आपल्या खऱ्या विषयाकडे. कारणांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे माझं कारण की त्यांचं? बगीच्यावाल्या मुलीच्या सात कारणांपैकी पाच "आम्हाला कंटाळा येतो" याच जातीची निघाली. अध्यक्षांच्या जवळची दोनच: मुलं रस्त्यावर खेळतात म्हणून गाडी चालवणाऱ्यांची तक्रार येते, आणि वापर नसल्याने बगीच्यात गवत माजलंय. त्या दोनांवरच पत्र उभं राहिलं.

सावधान: ऐकणाऱ्याच्या सोयीचं कारण शोधता शोधता मुलं थापा मारायला आणि घाबरवायला शिकतात. "उद्या कोणी गाडीखाली आलं तर तुम्ही जबाबदार" हे वाक्य माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी आणतंच. त्यावर मी एकच विचारते: हे खरं नाही असं त्यांना पुढे कळलं, तर तुझी पुढची मागणी ते ऐकतील का?

## टप्पा ३: पुरावा पायाने गोळा करायचा

इथे आठवडाभर द्या, घाई करू नका. मुलांना मोबाइलवर आकडा शोधायची सवय आहे. "एका सर्वेनुसार ८० टक्के मुलं..." असं लिहून आणतात, कोणता सर्वे, कुठला, कोणालाच माहीत नसतं. म्हणून नियम असा: प्रत्येक माहितीसमोर समासात लिहायचं, "हे मला कुठून कळलं?" चार उत्तरं चालतात: मी मोजलं, मी पाहिलं, मी अमक्याला विचारलं, नियमात असं लिहिलंय आणि तो नियम मी वाचला. "सगळ्यांना माहीत आहे" चालत नाही.

मोजायचं कसं, हेही शिकवावं लागतं. बगीच्यावाल्या गटाने पहिल्या दिवशी "खूप गाड्या गेल्या" असं आणलं. मग ठरलं: सोमवार ते शनिवार, रोज साडेपाच ते पावणेसहा, तीच जागा, दोघांनी एकमेकांचं न बघता वेगवेगळ्या वहीत रेघा मारायच्या, नंतर आकडे जुळवायचे. बुधवारी दोघांच्या आकड्यांत सातचा फरक आला. एकाने सायकली धरल्या होत्या, दुसरीने नाही. मोजायच्या आधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, हे त्यांना मी सांगितलं असतं तर कानाआड गेलं असतं.

नियमाचा पुरावा कसा वापरावा, याला दप्तराचं उदाहरण चांगलं. (आमची मुलं 'बस्ता'च म्हणतात.) दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं, असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात आहे. पण नुसता नियम वाचून दाखवला तर मुख्याध्यापिका मान डोलावतील आणि विसरतील. एका गटाने कोपऱ्यावरच्या अटालेवाल्याच्या (भंगारवाल्याच्या) काट्याला आपली दप्तरं टांगली. ३८ किलोच्या मुलाचं दप्तर ६ किलो २०० ग्रॅम भरलं. नियमाने ३ किलो ८०० ग्रॅम हवं. मग त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून पुन्हा टांगलं. सगळ्यात जड काय निघालं? पाण्याची भरलेली बाटली आणि त्या दिवशी न लागणारी दोन पुस्तकं. त्यामुळे मागणीच बदलली: वेळापत्रक पाळा आणि पाण्याची टाकी रोज धुवा, म्हणजे घरून बाटली भरून आणावी लागणार नाही.

पुरावा गोळा केल्यावर मागणी बदलली तर मुलाला पूर्ण गुण द्या.

तपासणी: दोन कारणं, प्रत्येकाला किमान एक पुरावा, आणि समासात तो कुठून आला ते. एवढं नसेल तर चौथा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा ४: आधी "नाही" ऐकून घ्या

हाच टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मुलांची भाषणं पोकळ वाटतात ती याचमुळे. मुलं फार तर एवढं म्हणतात, "काही लोक म्हणतात की यात नुकसान आहे, पण ते चुकीचं आहे." काही लोक कोण, कोणतं नुकसान, का चुकीचं?

मी भूमिकांची अदलाबदल करते. मागणी करणाऱ्या मुलानेच समोरच्याच्या खुर्चीत बसायचं आणि मित्राने मागणी करायची. बगीच्यावाली मुलगी अध्यक्ष काका झाली. चष्मा नाकावर ओढून म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी जोशींची काच तुम्हीच फोडलीत ना? पैसे कोणी दिले? आणि दुपारी झोपायचं कोणी, तुमचा आरडाओरडा ऐकत?" दहा मिनिटांत तिच्याच तोंडून सहा हरकती निघाल्या. खुर्चीतून उठल्यावर हळूच म्हणाली, "काका तसे बरोबर आहेत."

तिथपर्यंत पोचल्याशिवाय उत्तर लिहू देऊ नका. हरकत अशी लिहायची की ती वाचून अध्यक्षांनीच म्हणावं, "हो, हेच माझं म्हणणं." मग उत्तर तीन प्रकारे देता येतं. हरकत खरी असेल तर मान्य करून उपाय सुचवायचा: बॅट आणणार नाही, चेंडू मऊ. गैरसमज असेल तर पुरावा दाखवायचा: आम्ही दुपारी नव्हे, पाचनंतर मागतोय. खरी आहे पण लहान असेल, तर तसं सरळ म्हणायचं. सगळ्या हरकतींना उत्तर देऊ नका. सगळ्यात जड असलेली एक किंवा दोन घ्या. सोप्या हरकती निवडून त्यांना चीतपट करायची मुलांना हौस असते, तिला आवर घाला.

## टप्पा ५: पत्र

आता पेन. दीडशे ते दोनशे शब्द, वहीचं एक पान. क्रम असा: पहिल्या दोन वाक्यांत मागणी, मग त्यांच्या जवळचं कारण आणि पुरावा, मग जड हरकत आणि तिचं उत्तर, शेवटी पहिलं पाऊल. निबंधाच्या सवयीमुळे मागणी तळाशी जाते. ती वर ओढून काढा.

त्या मुलीचा पहिला मसुदा असा होता:

"खेळ हे मानवी जीवनाचं अविभाज्य अंग आहे. सुदृढ शरीरातच सुदृढ मन वसतं. आजची पिढी मोबाइलच्या आहारी गेली आहे. म्हणून खेळाला प्रोत्साहन देणं काळाची गरज आहे."

कोणत्याही कॉलनीतून कोणत्याही अध्यक्षांना पाठवता येईल असं. तिसरा मसुदा:

"माननीय अध्यक्ष, बगीच्याचं फाटक संध्याकाळी ५ ते ७ एक महिना उघडं ठेवून पाहावं, अशी विनंती आहे. आता तिथे कुलूप असल्यामुळे आम्ही मधल्या रस्त्यावर खेळतो. मागच्या आठवड्यात आम्ही सहा दिवस साडेपाच ते पावणेसहा गाड्या मोजल्या. एकाही दिवशी २५ पेक्षा कमी गेल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या चेंडूने काच फुटली होती, ते आम्ही विसरलो नाही. म्हणून बगीच्यात बॅट आणणार नाही. लंगडी, खो-खो आणि बॅडमिंटन एवढंच खेळू."

"एक महिना करून पाहावं" हा तुकडा फार कामाचा. कायमचं हो म्हणायला मोठी माणसं कचरतात.

भाषेची दुरुस्ती आता, आणि एका वेळी तीनच चुका. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या म्हणजे "मला लागतं की" (मला वाटतं की) आणि "माझ्याकडून नाही होणार" (मला जमणार नाही). सगळं पान लाल करू नका. सुविचार आणि म्हणी मात्र निर्दयपणे काढा; त्यांच्यामागे पुरावा नसलेली जागा लपलेली असते.

तपासणी: पत्रातलं पाठवणाऱ्याचं नाव झाका. कोणत्या कॉलनीतलं, कशाबद्दलचं हे दुसऱ्या गटाला ओळखता आलं पाहिजे.

## टप्पा ६: पत्रातून भाषण

पत्र पाठ करायला देऊ नका. लिहिलेलं वाक्य बोलताना जड होतं. "कुलूप असल्यामुळे आम्ही मधल्या रस्त्यावर खेळतो" हे तोंडी असं येतं: "बगीच्याला कुलूप. मग आम्ही खेळतो कुठे? रस्त्यावर." हा बदल मुलांना स्वतः करू द्या, पत्र पालथं ठेवायचं आणि मित्राला सांगायचं.

जाड कागदाच्या तुकड्यावर फक्त पाच शब्द: फाटक, गाड्या, काच, खो-खो, महिना. पूर्ण वाक्य लिहिलेलं दिसलं तर कागद बदलून द्या. पाठ करायची ती दोनच वाक्यं, पहिलं आणि शेवटचं. मधलं विसरलं तर हातात शब्द आहेत.

मग तीन फेऱ्या, दर वेळी नवा ऐकणारा: तीन मिनिटं, दोन मिनिटं, दीड मिनिट. वेळ कमी होत जातो तसं फालतू आपोआप गळतं. "बोलताना घाई करू नकोस" असं दहा वेळा सांगण्यापेक्षा आकडा सांगितल्यावर मनात एक-दोन मोजायला लावा. तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या डोक्यात आकडा उतरतो.

हातवारे शिकवू नका. "आकाशाला गवसणी" म्हणताना दोन्ही हात वर, हे बसवलेलं नाटक परीक्षकांना पहिल्या मिनिटात कळतं. हात बाजूला, कार्ड एका हातात, नजर एका माणसाकडे एक वाक्यभर आणि मग दुसऱ्याकडे. मंडपात बोलायचं असेल तर माइक आधी हाताळू द्या: तोंडापासून चार बोटं लांब, आणि त्यावर "हॅलो, हॅलो" नाही.

सावधान: घरी नेलेलं भाषण 'सुधारून' परत येतं. पालकांना आधीच चिठ्ठी पाठवा: ऐका, वेळ लावा, एक प्रश्न विचारा; लिहू नका.

## टप्पा ७: ऐकणाऱ्यांनाही काम

"छान बोललास" यातून मुलाला काही मिळत नाही. ऐकणाऱ्यांनी तीन गोष्टी लिहायच्या: याला काय हवंय? कोणतं कारण लक्षात राहिलं? अजून काय पटलं नाही? पहिल्याचं उत्तर निम्म्या मुलांनी वेगवेगळं लिहिलं, तर बोलणाऱ्याने पहिल्या टप्प्यावर परत जायचं. प्रत्येक भाषणानंतर एक प्रश्न विचारायचाच, आणि "माहीत नाही, विचारून सांगतो" हे उत्तर ग्राह्य.

गुण द्यायचेच असतील तर २० पैकी असे: मागणी ४, ऐकणाऱ्याच्या जवळची कारणं ५, पुरावा ५, हरकतीचं उत्तर ४, भाषा २. भाषेला दोनच का, असं एका आजोबांनी मला सुनावलं होतं. माझं उत्तर असं की भाषेला दहा दिले की आई पान लिहून देते.

## टप्पा ८: खऱ्या माणसापुढे

हा टप्पा नसेल तर मुलांना सगळं खोटं-खोटं वाटतं. ज्याला पत्र लिहिलं त्याच्याकडे ते जाऊ द्या. आधी तुम्ही त्यांना फोन करा, वेळ ठरवा, आणि सांगा की नाही म्हटलंत तरी चालेल, पण कारण मुलांना सांगा. दोघा-तिघांनी जायचं, एकाने बोलायचं, एकाने उत्तर लिहून घ्यायचं.

बगीच्याचं पत्र अध्यक्षांनी उभ्याउभ्या वाचलं, गाड्यांच्या रेघांची वही उलटून पाहिली आणि विचारलं, "सात वाजता कुलूप कोण लावणार?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आम्ही सहा हरकती काढल्या होत्या, त्यात ही नव्हती. मुलीने ठरल्याप्रमाणे "विचारून सांगते" म्हटलं. पुढच्या रविवारी वारांचा तक्ता घेऊन आली: कोणत्या दिवशी कोणाच्या घरून किल्ली, खाली त्या-त्या घरच्या मोठ्यांची सही.

तेव्हापासून मी चौथ्या टप्प्यात एक प्रश्न वाढवला आहे: हो म्हणाले, तर उद्या हे काम कोण करणार?

फाटक उघडलं, पण ५ ते साडेसहा. मुलांना आता अर्धा तास वाढवून हवाय. दुसरं पत्र लिहिताना जुनी कारणं परत मांडायची नाहीत. महिन्याभरात काय झालं तेवढंच द्यायचं. किती दिवस कुलूप वेळेवर लागलं, किती तक्रारी आल्या, काच फुटली का. त्यासाठीची वही किल्लीबरोबरच घरोघर फिरते आहे.